बावखलावरचे घर

आमच्या इमारतीला एका वृक्षाचे नाव दिलेले आहे. कोणत्या, ते सांगत नाही. कारण तो वृक्ष आमच्या आवारात नाही आणि शेजारच्या चार आवारांतही शोधून सापडणार नाही. वसईत घर घेतले त्याला आता बारा वर्षे झाली. त्या वेळी दलालाने आम्हा उभयतांना गच्चीवर नेले आणि पश्चिमेकडे हात करून म्हटले, “साहेब, ही सगळी हिरवळ कायमची तुमच्या खिडकीत!” मी मराठीचा प्राध्यापक. ‘कायम’ या शब्दाची व्युत्पत्ती मला ठाऊक होती, मुदत ठाऊक नव्हती. ती पाच वर्षांची निघाली. आता खिडकीत दुसरी इमारत आहे आणि तिलाही एका वृक्षाचेच नाव आहे.

पण वाचकहो, आजची हकीकत खिडकीतल्या हिरवळीची नाही, पायाखालच्या पाण्याची आहे.

आमच्याकडे सकाळी भाजी घेऊन एक मावशी येतात. साठी ओलांडलेल्या, तांबडे लुगडे नेसणाऱ्या, गळ्यात क्रूस. वसईच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या. घरी आपली बोली बोलतात, आमच्याशी मराठी. वांगी, वाल, केळफूल, अळू, जे काही असेल ते स्वतःच्या वाडीतले. पहिल्याच उन्हाळ्यात एकदा फाटकात पाण्याचा टँकर अडकून पडला होता. मी बादली घेऊन उभा, सौ. हंडा घेऊन उभी, आणि मावशी डोक्यावरची पाटी उतरवून आमची मौज पाहत होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, “सर, तुम्ही पाणी विकत घेता, पण तुमची बिल्डिंग उभी आहे ती पाण्यावरच. इथं आमचं बावखल होतं.”

विहीर मला ठाऊक, तळे ठाऊक. पण बावखल हा शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला. एम. ए.ची पदवी अशा वेळी उपयोगी पडत नाही. बावखल म्हणजे वाडीत हाताने खणलेले छोटे तळे. काठावर केळी, नारळी. पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी त्यात उतरायचे, विसावायचे आणि हळूहळू जमिनीत मुरायचे. पाऊस संपला की त्याच पाण्यावर पानवेली, केळी, भाजीपाला आणि फुलझाडे पोसायची. वसईची ती प्रसिद्ध सुकेळी, उन्हात वाळवलेली मधासारखी केळी, ती याच पाण्याची देणगी.

त्यात आणखी एक मर्म आहे. वसईच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख. अशा भूमीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. वरून पाणी मुरत राहिले तर खारे दबून राहते. मुरणे थांबले आणि उपसा वाढला, की खारे वर चढते आणि विहीर मचूळ होते. बावखल बुजवून त्यावर इमारत बांधायची आणि त्या इमारतीसाठी दुसऱ्याच्या वाडीतल्या विहिरीतून टँकर भरून आणायचा, म्हणजे मुरणे थांबवायचे आणि उपसा वाढवायचा, दोन्ही एकदमच. आमच्या इमारतीने हे व्रत निष्ठेने पाळले होते.

२०१८च्या जुलैत वसई-विरारमध्ये जो पूर आला, त्याची आठवण अजून ताजी आहे. गाड्या बंद, वीज बंद, आणि आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी. आमचे सेक्रेटरी नाल्यांना दोष देत होते, कुणी भरतीला देत होते. पाणी ओसरल्यावर मावशी आल्या. मी विचारले, “मावशी, इतकं पाणी आलं कुठून हो?” त्या सहज म्हणाल्या, “कुठून म्हणजे? घरी आलं होतं, सर.”

मला थोडे लागले. मी म्हटले, “तुमची जमीन बिल्डरने बळकावली का?” त्यांनी मान हलवली. “नाही हो. माझ्या भावानेच विकली. मुलीचं लग्न होतं, कर्ज होतं. कुणी पळवून नाही नेली.” यावर बोलण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या भावाने विकली आणि आम्ही घेतली. मधला बिल्डर दोघांनाही दोष द्यायला सोयीचा, एवढेच.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मावशींनी आम्हाला आगेऱ्याला बोलावले. आगेरा हा या भागातल्या ख्रिस्ती मंडळींचा सुगीचा सण. कुणी सांगतात, शेत या अर्थाच्या लॅटिन ‘आगेर’वरून हे नाव आले. माझ्या कानाला मात्र त्यात आपले कोकणी ‘आगर’च ऐकू येते. भाषाशास्त्राचा निकाल काही लागो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आल्या, धर्मगुरूंनी त्यांना आशीर्वाद दिला आणि मग त्या घरोघर वाटल्या गेल्या. मावशींनी दोन लोंब्या सौ.च्या हातात ठेवल्या. आमच्या दारावर दसऱ्याचे तोरण होतेच, त्यात झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या. सौ.ने या दोन त्यातच खोवल्या. तोरणाने काही कुरकुर केली नाही.

पण मी सांगणार आहे ते त्या दिवशीच्या प्रवचनाबद्दल. धर्मगुरू तरुण होते. त्यांनी बायबलच्या पहिल्याच पुस्तकातले, उत्पत्तीचे, दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या अध्यायात देव माणसाला निर्माण करतो आणि पृथ्वी ताब्यात घेऊन प्राणिमात्रावर सत्ता चालव, असे सांगतो. दुसऱ्या अध्यायात तोच देव माणसाला एका बागेत नेऊन ठेवतो. कशासाठी, तर ती कसण्यासाठी आणि राखण्यासाठी. “आपण पहिला अध्याय पाठ केला,” ते म्हणाले, “आणि दुसऱ्यापर्यंत पोचलोच नाही.” समोरच्या बाकावर जमिनी विकून बंगले बांधलेली मंडळीही बसली होती. कुणी खोकले, कुणी छताकडे पाहिले.

घरी येऊन मी त्या दोन क्रियापदांच्या मागे लागलो. व्यवसायाची खोड! मूळ हिब्रू शब्द ‘आबाद’ आणि ‘शामार’. पहिल्याचा अर्थ कसणे आणि सेवा करणे, असा दुहेरी. दुसऱ्याचा अर्थ जपणे, पहारा ठेवणे. आदाम हे नावही ‘अदामा’ म्हणजे माती या शब्दाशी नाते सांगणारे. मातीच्या माणसाला मातीची सेवा सांगितलेली आहे. आणि मला आपल्या ‘राखणे’ या क्रियापदाचे कौतुक वाटले. शेत राखणे म्हणजे त्यावर पहारा करणे; पण चार घास दुसऱ्यासाठी राखणे म्हणजे आपण न खाता शिल्लक ठेवणे. मान राखावा, शब्द राखावा, देवाची राई राखावी. मालकी हा अर्थ त्यात कुठेच नाही. राखणदार कधी मालक नसतो.

जुन्या करारातले मोशेचे नियम वाचताना तर पुष्कळ ओळखीचे भेटत गेले. सहा वर्षे जमीन कसावी, सातव्या वर्षी तिला विश्रांती द्यावी. त्या वर्षी आपोआप उगवेल ते गोरगरिबांचे आणि त्यांच्यामागून रानातल्या जनावरांचे. कापणी करताना शेताची कड सोडावी, ती गरिबांसाठी. शहराला वेढा घातला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये. हे वाचताना रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण येणारच. आरमारासाठी लाकूड हवे, तरी रयतेची आंब्याफणसाची झाडे तिला दुखवून तोडू नयेत, असे त्यात बजावले आहे. दोन्हीकडे एकच जाणीव: आज लावलेले झाड आजच फळ देत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे वचन ते जमिनीच्या मालकीचे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव स्पष्ट सांगतो की, जमीन माझी आहे, तुम्ही येथे पाहुणे आणि कुळे आहात, म्हणून ती कायमची विकू नका. पुन्हा तो ‘कायमची’ शब्द! आपल्याकडे १९५७च्या कृषिदिनाला कुळे मालक झाली आणि ते न्यायाचेच झाले. पण या दुसऱ्या कुळवहिवाटीत तशी सोय नाही. येथे मालक कधीच बदलत नाही आणि आपली वहिवाट तर साठ-सत्तर वर्षांची.

मग ख्रिस्ती जगाने पृथ्वीची राखण केली काय? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला गेला आहे. १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहून खळबळ उडवली. निसर्ग माणसाच्या उपभोगासाठीच आहे ही समजूत पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेने रुजवली आणि आजच्या संकटाचे मूळ तेथे आहे, असा त्याचा आरोप. गंमत अशी की, व्हाइट स्वतः ख्रिस्ती होता आणि त्याने उतारा सुचवला तोही घरातलाच: असिसीचा संत फ्रान्सिस. पक्ष्यांना उपदेश करणाऱ्या आणि १२२५च्या सुमारास सूर्याला भाऊ, पाण्याला बहीण म्हणून स्तोत्र रचणाऱ्या या फकिराला पर्यावरणाच्या अभ्यासकांनी आपला आश्रयदाता संत मानावे, असे त्याने लिहिले. पुढे १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी नेमके तेच जाहीर केले.

१९९७मध्ये ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मप्रमुख पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. नद्या, हवा, जमीन नासवणे हे पाप आहे, असे त्यांनी निःसंदिग्ध सांगितले. चूक नव्हे, गैरसोय नव्हे, पाप. आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक निघाले. नाव संत फ्रान्सिसच्या त्या स्तोत्रातलेच. त्यात त्यांनी व्हाइटच्या आरोपाला बगल दिली नाही. ख्रिस्ती लोकांनी काही वेळा धर्मग्रंथाचा चुकीचा अर्थ लावला, हे मान्य केले आणि कसणे-राखणे या दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवले. त्यांचे दुसरे सांगणे मला अधिक बोचले. पृथ्वीचे रडणे आणि गरिबांचे रडणे वेगवेगळे ऐकू नका. स्वच्छ पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. आज आमच्या नळाला सूर्या धरणाचे पाणी येते. ते धरण पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्यात आहे. आमच्या बादलीत पडणारे पाणी कुणाच्या शेतावरून वळून आले, हे विचारायला पोपची गरज नव्हती, पण आम्ही विचारले नव्हते खरे.

हे सारे दूर परदेशात घडले, म्हणून सोडून देता आले असते. पण वसईत तसे म्हणता येत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नाव तुम्हाला साहित्यामुळे ठाऊक असेल. उस्मानाबादला २०२०च्या जानेवारीत भरलेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. जन्म वसईतल्याच नंदाखालचा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामांना खुली होऊ लागली, विहिरींवर टँकरच्या रांगा लागल्या, दहशत होती, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात हा धर्मगुरू लोकांच्या पुढे उभा राहिला. त्या लढ्यात ख्रिस्ती होते तसे इतरही होते. धर्मगुरूने वेदी सांभाळावी, विहिरीच्या भानगडीत कशाला पडावे, असे म्हणणारे तेव्हाही होतेच. याच माणसाने पुढे अख्खे बायबल सुबोध मराठीत आणले. म्हणजे बाग कसण्याची आणि राखण्याची ती आज्ञा ज्या हाताने मराठीत उतरली, त्या हाताने आधी वसईच्या वाड्या राखण्यासाठी मूठ वळली होती. अनुवादाचे वर्ग मी वीस वर्षे घेतो आहे, पण मूळ संहितेशी याहून मोठे इमान माझ्या पाहण्यात नाही.

२०२४च्या जुलैत फादर गेले. त्यांचा लढा जिंकला गेला, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही; २०११च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती आणि मी त्यातलाच एक पुढे येऊन मिळालो. पण पश्चिम पट्ट्यात आज ज्या वाड्या शिल्लक दिसतात, उरलीसुरली बावखले जपण्यासाठी जी तरुण मुले धडपडतात, त्यांच्यामागे तो लढा आहे.

आता पुन्हा आमच्या इमारतीकडे येतो. तुम्ही म्हणाल, प्राध्यापकमहाशय, पोथी पुष्कळ सांगितलीत, केलेत काय? सांगतो. त्यात माझे कौतुक फारसे नाही.

आगेऱ्यानंतर तीन आठवड्यांनी आमच्या सोसायटीची सभा होती. विषय पहिला: मागच्या मोकळ्या जागेत फरशी घालून चार गाड्यांची सोय करणे. ती जागा म्हणजे आमच्या आवारातली शेवटची उघडी माती. कोपऱ्यात स्लॅब टाकून बंद केलेली एक जुनी विहीर, बहुधा त्या वाडीचीच. चार गाड्यांपैकी एक गाडी माझी. मे महिन्यात जुनी म्हणून घेतलेली, पण मला नव्याइतकीच प्रिय. अर्जावर माझी सही आगेऱ्याच्या आधीच झालेली होती. उत्पत्तीचा दुसरा अध्याय डोक्यात घेऊन मी सभेला गेलो आणि मागच्या रांगेत तोंड मिटून बसलो. दोन्ही क्रियापदे हिब्रूत मला येत होती. मराठीत एकही शब्द फुटेना.

तेवढ्यात सौ. उभी राहिली. ती सभेत सहसा बोलत नाही. म्हणाली, “आमची गाडी रस्त्यावर उभी राहील. त्या जागेत फरशी नको. विहीर उघडा आणि गच्चीचं पावसाचं पाणी तिच्यात सोडा. वर्षानुवर्षं टँकरला पैसे देतो आहोत, एकदा नळाला द्या.” मी तिच्याकडे पाहिले, सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिले. “सर, तुमची सही आहे ना?” मला उठावेच लागले. सही मागे घेतो, म्हणालो. पुष्कळ वादावादी झाली. मुलाच्या स्कूटरपासून धर्मापर्यंत सर्व विषय निघाले. एका गृहस्थांनी, हे चर्चचे खूळ आहे, असेही म्हटले. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “मग आमच्या गावची देवराई कोणाचं खूळ?” ठराव दोन मतांनी पडला. विहीर साफ झाली, गच्चीचे नळ गाळणीतून तिच्यात सोडले आणि माझी गाडी अद्याप रस्त्यावर आहे. तिच्यावर कावळे काय करतात, ते लिहिण्याचे हे स्थळ नव्हे.

यंदाच्या पावसाळ्यात विहीर भरली. वसुबारसेच्या सकाळी मावशी सुकेळ्यांची पुडी घेऊन आल्या. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे आणि नाताळचा आमच्याकडे, हा आता रिवाज झाला आहे. मी मोठ्या उमेदीने त्यांना मागे नेले, पोहरा ओढला आणि पेल्यात पाणी दिले. त्यांनी चूळभर तोंडात घेऊन पाहिले.

“मचूळ आहे,” त्या म्हणाल्या.

माझा चेहरा पडला असावा. म्हटले, “अख्खा पावसाळा पाणी सोडलं हो, मावशी.”

मावशी हसल्या. “माझ्या बापाने बावखल खणलं, तेव्हा मी परकरात होते. पाणी खरं गोड झालं, तेव्हा माझी सोयरीक चालली होती. आणि तुम्ही एका पावसात विचारताय!” मग विहिरीत पुन्हा एकदा डोकावून म्हणाल्या, “पण वाटेला लागलंय. कडेला दोन केळी लावा. मी कंद आणून देते.”

भाऊबीजेला त्या कंद घेऊन येणार आहेत. फावडे मात्र आमच्या इमारतीत एकाच्याही घरी नाही. ते विकत आणायला मी आत्ता निघालो आहे.